बार्कताबासच्या अंगणातला तंबू

तुर्दाकुनला एक वाक्य बोलायचं होतं, आणि नेमकं तेवढंच त्याच्या तोंडून निघत नव्हतं. "बार्कताबास, माझं चुकलं." एवढंच. लहान मूलही घास गिळता गिळता बोलून जाईल. पण कित्येक वर्षं ते वाक्य तुर्दाकुनच्या घशात असं काही ठाण मांडून बसलं होतं, की बाहेर यायला तयार नाही आणि खालीही उतरायला तयार नाही.

तसा हा माणूस बोलण्याच्या बाबतीत पहिल्यापासूनच हात आखडता. ताश-बुलाक गावच्या माजी सैनिक संघाचा तो अध्यक्ष. अफगाण युद्धातून जिवंत घरी आलेल्या माणसांचा हा संघ; दर फेब्रुवारीत त्यांचा मेळावा भरतो आणि अध्यक्षांचं भाषण होतं. भाषण दर वर्षी तेच, आणि तेही आवंढे गिळत. त्याची बायको बुरुल म्हणायची, "ह्यांना शब्दावर कर भरावा लागतो की काय, कोण जाणे."

पण कामाला माणूस खंबीर, आणि त्याचा संघही तसाच. एकट्या म्हाताऱ्यांचा कोळसा उतरवून दे, बर्फ पडायच्या आत त्यांची धुराडी साफ कर, घाटात अडकलेली शाळेची गाडी ओढून आण, असं काहीबाही वर्षभर चाललेलं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे, ज्याच्या घरी कुणी गेलं त्याच्या अंगणात संघाचा तंबू उभा करून द्यायचा.

हा तंबू गावात शेंबड्या पोरालाही ओळखू येतो. लग्नाला, बारशाला जो तंबू लागतो तो पांढराशुभ्र, झालरींचा. तो बाजारातून भाड्यानं येतो. संघाचा तंबू राखाडी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, धुरानं काळवंडलेला, आणि एका अंगाला हिरव्या लष्करी ताडपत्रीचं भलं मोठं ठिगळ. तो फक्त मयताच्या घरी जातो. ते ठिगळ रस्त्यावरून दिसलं की माणूस गाडी लांबच उभी करतो, टोपी सारखी करतो, दोन्ही हात कमरेवर ठेवतो आणि मोठ्यानं रडत रडत दाराकडे चालू लागतो. गेलेला आपला कोण होता, त्याच्या मागं आपलं काय होणार, ते चालीवर, सूर धरून सांगत यायचं. मुक्यानं आलेला माणूस उधारी मागायला आला की काय, असं वाटतं. दारात उभ्या असलेल्या पुरुषांनी तसंच रडून उत्तर द्यायचं, आणि मग पाहुण्यानं आत जायचं. देवानं पुरुषाच्या छातीला एक खिडकी ठेवली आहे म्हणायचं ती हीच. एरवी ती बंदच असते.

आता भांडणाचं सांगायला हवं. भांडण हाडाचं होतं.

मेळाव्यात मेंढा कापला की हाडं मानाप्रमाणे वाटायची असतात. कमरेचं हाड सगळ्यात वडील, सगळ्यात मानाच्या माणसाला. पुढच्या पायाची नळी पोरासोरांना. एका वर्षी जिल्ह्याच्या गावाहून एक साहेब आला होता, बरोबर आणखी दोन साहेब. तुर्दाकुनची तारांबळ उडाली. कमरेचं हाड त्यानं साहेबापुढं ठेवलं, मांड्या दुसऱ्या दोघांपुढं, खांदा त्यांच्या ड्रायव्हरपुढं. असं करता करता परात रिकामी होत आली, आणि बार्कताबासपुढं आली पुढच्या पायाची नळी.

बार्कताबास म्हणजे कोण, तर ज्यानं युद्धात सलांगच्या घाटात पेटलेल्या ट्रकमधून तुर्दाकुनला कॉलर धरून बाहेर ओढलं तो. त्याच्या डाव्या हातावर त्या दिवसाची खूण अजून आहे. साहेबाचं पोट बिघडलेलं होतं, त्यानं कमरेच्या हाडाला बोटही लावलं नाही. बार्कताबासनं ते सगळं शांतपणे पाहिलं. मग नळी उचलली, रुमालात बांधली, "घरी कुत्रं आहे," असं म्हणाला आणि उठून गेला.

तो गेला तो गेलाच. संघ सोडला. तुर्दाकुन रस्त्यात समोरून येताना दिसला की हा आकाशात घारी शोधायला लागे. तुर्दाकुनही कितीदा तरी त्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. एकदा बार्कताबासनं दार उघडून विचारलंसुद्धा, "काय आहे?"

"तुझ्याकडे वीज आली का बघत होतो," तुर्दाकुन म्हणाला आणि परत फिरला. भर दुपार होती.

गावचे मोल्दो एस्तेबेस, म्हणजे नमाज पढवणारे, मयताला माती देणारे वृद्ध गृहस्थ, एकदा त्याला मशिदीच्या ओट्यावर गाठून म्हणाले, "तुर्दाकुन, बाबा, तुम्हा दोघांतला एक आधी जाणार. तो जर आधी गेला, तर त्याच्या दारात रडायला तुझं तोंड कुठलं?"

 तेव्हापासून तुर्दाकुनला तीच धास्ती लागली. बार्कताबास खोकला असं कुणी सांगितलं तरी तो रात्रभर जागा राहायचा.

आणि ऑक्टोबर संपता संपता वारा सुटला. नारिनकडच्या डोंगरातून उतरला तो असा, की बार्कताबासच्या घरावरचे पत्रे कोंबड्या उडाव्या तसे उडाले आणि नदीपार जाऊन पडले. बार्कताबास एकटा. बायको देवाघरी गेलेली, मुलगा रशियात कामाला. वर उघडं आभाळ आणि बर्फ तोंडावर आलेला.

संघाची चिटणीस अनिपा. ही युद्धात लष्करी इस्पितळात नर्स होती. तिच्यापुढं अजूनही सगळे सैनिक इंजेक्शनला घाबरल्यासारखे वागतात. ती बार्कताबासकडे जाऊन आली आणि कचेरीत येऊन म्हणाली, "छप्पर घालून घ्यायला तयार आहे. पण त्याची एक अट आहे."

"कुठली?" तुर्दाकुननं विचारलं.

"तुर्दाकुन आके, थोरल्या भावासारखे तुम्ही, राग मानू नका. तुम्ही अंगणात पाऊल टाकायचं नाही आणि एकही खिळा ठोकायचा नाही, असं म्हणतो."

तुर्दाकुननं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "पत्रे आणलेले चालतील?"

"त्याला कळलं नाही तर चालतील."

"खोकतो का?"

"खोकतो. आणि म्हणतो, मी खोकत नाही, घसा साफ करतो."

तुर्दाकुननं त्याच पावली आपला जुना झिल ट्रक काढला आणि पत्रे आणायला नारिन शहराला निघाला. घाईत फोन घरी उशीखालीच राहिला.

तो गेल्यावर गावात काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गारठ्याचा पाऊस लागला. अनिपा बार्कताबासला म्हणाली, "छप्पर होईस्तोवर माझ्या घरी चला."

"मी कुणाच्या घरी पाहुणा म्हणून जात नाही."

"मग चोरोबेककडे?"

"तो झोपेत बोलतो."

"मग मरायचंय का गारठून?"

"मेल्यावर तुम्ही तंबू फुकट देताच की," बार्कताबास म्हणाला. "जिवंत असताना दिला तर संघाची अब्रू जाते का?"

अनिपाला वाटलं, बरोबर आहे. आजाऱ्याला ऊब हवी, एवढंच तिला दिसलं. चोरोबेक आणि संघातले आणखी चौघे जण आले, त्यांनी तासाभरात तंबू उभा केला, आत शेगडी पेटवली, बार्कताबासला रजयांत गुंडाळून बसवलं, चहा दिला आणि सगळे छपरावर चढून लाकडं ठोकायला लागले. ठोकाठोक चालू होती म्हणून असेल, पण आपण गावाला काय निरोप धाडला आहे हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दुपारी पत्र्यांचा खडखडाट करीत तुर्दाकुनचा ट्रक गावाबाहेरच्या वळणावर आला. तिथून बार्कताबासचं अंगण सरळ दिसतं. तुर्दाकुनला आधी धूर दिसला. मग राखाडी नमदा. मग हिरवं ठिगळ.

ट्रक त्यानं तिथंच थांबवला. हँडब्रेक ओढायलाही विसरला. ट्रक आपणच जाऊन पॉपलरच्या बुंध्याला टेकला. तुर्दाकुन खाली उतरला. डोक्यावरची टोपी नीट केली की काढली, त्याचं त्यालाही कळलं नसेल. दोन पावलं टाकली आणि मोल्दोंचे शब्द कानात वाजले. तोंड कुठलं? तोंड नव्हतंच. पण पाय थांबेनात, हात आपोआप कमरेवर गेले, आणि ज्याला भाषणात तीन वाक्यं जड व्हायची त्याच्या छातीतून असा सूर फुटला की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या.

"अरे माझ्या काळजा, माझ्या काळजा रे,
मला न सांगता कुठं निघालास रे,
पत्रे घेऊन आलो मी, उशीर झाला रे,
आगीतून ओढलंस मला, मी तुला गारठ्यात ठेवलं रे..."

छपरावर चोरोबेक होता. दातांत खिळे धरलेले. चोरोबेक म्हणजे रीतीरिवाजाला इतका पक्का माणूस, की त्याला दाढ काढायला नेलं तरी आधी डॉक्टरच्या घरच्यांची विचारपूस करील. रडण्याचा आवाज कानावर पडताच त्यानं खिळे खिशात टाकले, हातोडा खाली ठेवला, छपराच्या कडेला उभा राहून कमरेवर हात ठेवले आणि उत्तर दिलं, "अरे माझ्या काळजा रे..."

"चोरोबेक," शेजारचा म्हणाला, "कोण गेलं?"

"ठाऊक नाही."

"मग रडतोस कशाला?"

"माणूस रडत दारी येतोय. उत्तर नको द्यायला? आपण काय रानात वाढलो?"

झालं. मोठ्या माणसानं सूर धरला म्हटल्यावर बाकीचे तरी कसे गप्प बसणार? छपरावर ओळीनं पाचही जण कमरेवर हात ठेवून रडायला लागले. अनिपा खाली पातेलं ढवळत होती, ती पळीसकट गोठून उभी राहिली.

तुर्दाकुनला छपरावरचे दिसले नाहीत. त्याला काहीच दिसत नव्हतं. तो सूर ओढीत फाटकातून आत आला, पावलं संथ, मान खाली.

"कमरेचं हाड मी परक्याला दिलं रे,
त्यानं तर तोंडही लावलं नाही रे,
माझ्या काळजाला मी पोराची नळी दिली रे,
त्या दिवसापासून मटण मला लागलं नाही रे.
तुझी खुर्ची कुणाला दिली नाही मी,
तिच्यावर कचेरीतली मांजर निजते रे.
बायकोला बोललो नाही, मोल्दोंना बोललो नाही,
माझं चुकलं रे, काळजा, माझं चुकलं रे..."

रडता रडता तो वाकून तंबूत शिरला. रीतीप्रमाणे आत गेल्यावर आवाज हळूहळू खाली आणायचा असतो, तो त्यानं आणला, डोळे पुसले आणि समोर पाहिलं.

समोर बार्कताबास बसला होता. रजई खांद्यावर, हातात चहाची वाटी, डोळे टक्क उघडे. जवळच पावाचा तुकडा आणि त्यावर मुरंबा.

तुर्दाकुनच्या तोंडातला सूर मध्येच तुटला.

"का थांबलास?" बार्कताबास म्हणाला. "ऐकतोय मी."

तुर्दाकुन तिथल्या तिथं बसला. मेलेला माणूस जिवंत झाल्याचा आनंद आणि जिवंत माणसासमोर नको ते बोलून बसल्याची शरम, दोन्ही एकदम अंगावर आली म्हणजे माणूस कसा दिसतो, ते त्या दिवशी बार्कताबासनं पाहिलं. तुर्दाकुन कुठल्याच अंगानं शोभत नव्हता.

"तू गेला नाहीस?" शेवटी तुर्दाकुन म्हणाला.

"घसा साफ करतोय फक्त."

तोवर बाहेर आणखीच प्रकार उभा राहिला होता. छपरावरचं रडणं शेजाऱ्यांनी ऐकलं, शेजाऱ्यांनी पुढच्या गल्लीला कळवलं. बायका डोक्याला पांढरे रुमाल बांधून, पाव फडक्यात गुंडाळून येऊ लागल्या. पुरुष कबर खणायची म्हणून खांद्यावर फावडी घेऊन निघाले. जो तो फाटकाशी आला की कमरेवर हात ठेवून सूर लावी, आणि छपरावरून चोरोबेक अगदी मन लावून उत्तर देई. मोल्दो एस्तेबेस गाढवावर बसून आले, मयताच्या आंघोळीचा तांब्या बरोबर घेऊनच.

अनिपा धावत पुढं गेली. "मोल्दो आजोबा, कुणी गेलेलं नाही."

"मग तंबू?"

"बार्कताबास आकेंना थंडी वाजत होती."

मोल्दो तंबूच्या दारातून आत वाकले. बार्कताबासकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. "बाबा," ते म्हणाले, "एवढं गाव येऊन रडून गेलं. आता तू नाही म्हणतोस?"

"नाही कुठं म्हणतो, आजोबा? थोडं थांबून म्हणतो."

"देवाची मर्जी. थांब मग." मोल्दो अंगणाच्या मधोमध आले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. अंगणात पाव हातात धरलेल्या बायका, फावडी धरलेले पुरुष, रडून डोळे लाल झालेले, आणि आता हसावं की रागवावं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

"मंडळी," मोल्दो म्हणाले, "तुम्ही एका माणसाला घर द्यायला आला होतात. मातीखालचं घर खणायला फावडी आणलीत. देवानं त्याला अजून मातीवरच ठेवलंय, तर त्याचं वरचं घर पुरं करून द्या. पाव आणलेत ते परत नेऊ नका. आणि चोरोबेक, तू आता रडणं थांबव."

"थांबवतो, आजोबा," चोरोबेक छपरावरून नाक पुसत म्हणाला. "पण आज चांगलं जमून आलं होतं."

मग काय विचारता. फावडी भिंतीला टेकली. कुणी ट्रकमधून पत्रे उतरवले, कुणी शिडी धरली, कुणी खिळे दिले. बायकांनी अनिपाच्या पातेल्याला आणखी एका पातेल्याची भर घातली. जे आठवडाभर चाललं असतं ते काम गाव सगळं मिळून दिवस मावळायच्या आत उरकायला निघालं. आणि रडायला आलेला माणूस हातोडा मारतो तेव्हा तो फार जोरात मारतो. सगळं साठलेलं त्यात उतरतं.

तंबूत मात्र दोघंच होते. बार्कताबासनं दुसरी वाटी भरली आणि तुर्दाकुनपुढं सरकवली. तुर्दाकुननं ती धरली, पण प्यायला नाही.

"मांजर खरंच निजते?" बार्कताबासनं विचारलं.

"निजते. पिल्लंही तिथंच घातली."

"कुठल्या रंगाची?"

"सगळी वेगवेगळी."

तुर्दाकुननं हातातली वाटी फिरवली. मग तुर्दाकुन म्हणाला, "मी जे बोललो ते तुला बोललो नव्हतो."

"मग कुणाला?"

"मेलेल्याला."

"तो ऐकायला नव्हता. मी होतो." बार्कताबासनं वाटी खाली ठेवली. "पण तुझं म्हणणं खरं आहे. जिवंताला अजून बोलला नाहीस. आता बोल."

तुर्दाकुननं तोंड उघडलं. ओठ हलले. कपाळाला घाम फुटला. बाहेर अनिपा कुणाला तरी मीठ कमी आहे म्हणून झापत होती. तुर्दाकुननं पुन्हा तोंड उघडलं आणि चहा प्यायला.

बार्कताबास त्याच्याकडे पाहत राहिला. त्याच्याही ओठांशी काहीतरी आलं होतं, पण तोही सैनिकच. त्याचीही खिडकी बंदच. शेवटी तो उठला, रजई अंगाभोवती घट्ट गुंडाळली.

"कुठं चाललास? थंडी आहे बाहेर," तुर्दाकुन म्हणाला.

"बस तू. हलू नकोस. जिथं मी बसलो होतो तिथं बस."

तुर्दाकुन त्याच्या जागेवर जाऊन बसला. बार्कताबास तंबूबाहेर पडला, लोकांच्या मधून चालत चालत फाटकापर्यंत गेला, फाटकाच्या बाहेर पाच-सहा पावलं गेला, वळला. हात कमरेवर ठेवले. रजई एका खांद्यावरून घसरली ती तशीच लोंबत राहिली. आणि खोकून खोकून घोगऱ्या झालेल्या त्या गळ्यातून सूर निघाला.

"अरे माझ्या काळजा, माझ्या काळजा रे,
फाटकाशी येऊन उभा राहायचास रे,
पडद्याआडून मी तुला बघायचो रे,
दोन वाट्या मांडून ठेवायचो रे,
तू परत फिरायचास, मी चहा ओतून द्यायचो रे..."

छपरावरचे हातोडे थांबले. बायकांच्या पळ्या थांबल्या. चोरोबेकनं मोल्दोंकडे पाहिलं; मोल्दोंनी डोळे मिटून मान हलवली, तशी त्यानं कमरेवर हात ठेवले आणि अगदी हलक्या सुरात उत्तर द्यायला सुरुवात केली.

"आकाशात घार नव्हती रे, मी उगाच बघायचो रे,
डोळे खाली केले असते तर तुझेच दिसले असते रे,
हाडासाठी रुसलो मी, म्हातारपण फुकट घालवलं रे,
तुझ्याशिवाय भांडायला मला कुणी नाही रे..."

तो फाटकातून आत आला, अंगण ओलांडलं, तंबूच्या दाराशी पोचला. आणि तेवढ्यात आतून, नमद्याच्या भिंतीआडून, दुसरा सूर उठला. मोठा, फाटलेला, कुणाचीही पर्वा न करणारा.

"माझं चुकलं रे, बार्कताबास, माझं चुकलं रे, तू जिवंत आहेस रे, माझं चुकलं..."

बार्कताबासनं दाराचा पडदा उचलून आत डोकं घातलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भुवया मात्र रागानं वर गेल्या होत्या.

"मयतानं मध्ये बोलायचं नसतं," तो म्हणाला. "गप्प बस. माझं अजून संपायचंय."